पेंग्विन आणि परडी

गिरणीवाल्याला दुपारी काम नसतं. सकाळी दळणाचे डबे येतात, दिवस कलला की ते न्यायला बाया येतात. मधल्या वेळात पट्टा थांबलेला असतो आणि मी पोत्याला पाठ टेकून मोबाइल बघत असतो. दुसरे लोक कुस्त्या बघतात, पुढाऱ्यांची भांडणं बघतात. मला नाद लागला पेंग्विनचा. आमच्या लोहाऱ्यात होळी झाली की पत्र्याखाली बसवत नाही, तिथं बर्फातला पक्षी बघत बसणारा मी एकटाच असेन. सुरुवातीला गारव्यासाठीच बघत असेन म्हणा. पण लग्नात दोन पंगती जेवून उठलेल्या पाहुण्यासारखं त्याचं ते डुलत चालणं बघून मला रोज हसू यायचं, आणि रोज हसू येणारी गोष्ट माणूस सहसा सोडत नाही.

एका दुपारी बायको जेवण घेऊन आली आणि माझ्या खांद्यावरून डोकावली.

"कशानं माजलंय एवढं हे?" तिनं विचारलं.

मी माहीतगार माणसाच्या थाटात सांगितलं, की बाई अंडं घालते आणि समुद्रावर निघून जाते. गडी ते अंडं पायांवर घेऊन, वरून पोटाची घडी पांघरून उभा राहतो. सगळा हिवाळा पोटात काही जात नाही. म्हणून आधीच समुद्रात खाऊन खाऊन अंगावर चरबी चढवून येतो.

"गडी उपाशी ऱ्हातोय अन् बाई जेवाय जाती?"

"व्हय."

"सरका तिकडं," ती म्हणाली. "जरा नीट बघू द्या."

ती हसून हसून पोत्यावर बसली. पुढं कितीतरी दिवस मी भाकरी मागितली की ती म्हणायची, "थांबा, मी आदी समुद्रावर जाऊन येती." बोलायला हे सोपं होतं, कारण ती कधी समुद्रावर जाणारी बाई नव्हतीच. मंगळवार, चतुर्थी, एकादशी, श्रावणातले सोमवार, नवरात्र असे सगळे उपास तिच्या अंगाला चिकटलेले. उरलेल्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर तव्यावर जे राहील ते खायची. भाकरी उरली नाही तर "भूकच न्हवती" म्हणायची. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मला वाटायचं, काटक आहे, असते एखादीची ठेवण.

मग तिच्या गालात आतून एक चट्टा उठला. ती दातांना तंबाखूची मिश्री लावायची, आमच्याकडच्या निम्म्या बायका लावतात तशी. तिनं आधी तूप लावलं, मग हळद, मग मला न सांगता आणखी मिश्रीच लावली. चट्टा काही जाईना. आमची एकुलती लेक सोलापूरला दिलेली आहे. तिनं फोनवरून आईचा आवाज ऐकला आणि दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतलं. तिथं तुकडा काढून तपासला आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. ते काय म्हणणार हे मला त्यांच्या तोंडाकडं बघूनच कळलं.

डॉक्टर तरुण होते, पण बोलणं शांत होतं. बरं होण्यासारखं आहे, म्हणाले. किरणं द्यावी लागतील. त्याआधी किडलेल्या दाढा काढायच्या, हिरड्या भरेपर्यंत थांबायचं, मग सुरू करायचं. "मधला वेळ एवढाच तुमच्याकडं आहे. या वेळात यांना खाऊ घाला. किरणं सुरू झाली की तोंड आतून सोलून निघतं, पाणीसुद्धा गिळवत नाही. तेव्हा शरीर साठलेल्यावर चालतं. यांच्याकडं साठलेलं काहीच नाही. माणसं ताकद संपते म्हणून उपचार अर्धवट टाकून घरी जातात, आणि मग आजार डोकं वर काढतो. तसं होता कामा नये."

"मंजी पेंग्विनसारखं," माझ्या तोंडून निघून गेलं.

डॉक्टरांनी माझ्याकडं बघितलं. वाटलं, आता हाकलणार. पण ते हसले आणि म्हणाले, "हो. अगदी तसंच."

येताना एसटीत ती खिडकीशी बसली होती. नळदुर्ग मागं पडलं. मग बाहेरच बघत म्हणाली, "तुमच्या पेंग्विनला निदान अंडं तरी असतंय. माझ्या पायावर काय हाय, म्हणून म्या एवढं सोसायचं?"

"मी हाय की," मी म्हणालो.

"तुमी अंडं न्हाय. तुमी धोंडा हाय," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडली. मी तिचा हात धरून ठेवला. भरल्या एसटीत बायकोचा हात धरायची माझी ती पहिलीच वेळ, आणि मला कुणाचीही लाज वाटली नाही.

गिरणीत पोती तोलायचा जुना काटा आहे. खाली लोखंडी पाट, वर आडवी दांडी, दांडीवर सरकवायचं वजन. घरी आल्यावर मी तिला पाटावर उभं केलं. दांडी सरळ झाली तिथं खिळ्यानं बारीक रेघ ओढली. ती रेघ एवढ्याशा जागेवर आली. ज्वारीचं अर्धं पोतंसुद्धा तिच्यापेक्षा जास्त भरलं असतं.

मग मी माझ्या अकलेनं कामाला लागलो. अंगावर मांस चढवायचं तर आपल्याकडं काय देतात? बाळंतिणीला देतात ते. मी डिंक आणला, खारीक आणली, हळीव आणले, गूळ आणला. लाडू वळायला बसलो, आयुष्यात पहिल्यांदा. तूप सढळ हातानं ओतलं. वर बाजरीची भाकरी आणि लसणाचा रस्सा. तिच्या दाढा नुकत्याच काढलेल्या, आणि मी समोर दगडासारखा डिंकाचा लाडू धरून उभा. बाहेर ऊन मी म्हणत होतं. तिला कानाला फडकं बांधायचंसुद्धा माझ्या मनात आलं होतं, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.

व्हायचं तेच झालं. तिचं पोट बिघडलं, तोंडात फोड आले, आणि आठवड्यानं काट्यावर उभी केली तर वजन रेघेच्याही अलीकडं. मी दांडीवर दोनदा टिचकी मारली, काटा अडकला असेल म्हणून. काटा अडकला नव्हता. मी तो लाडवांचा डबा उचलून आदळला. रागावलो होतो स्वतःवर, आणि ओरडलो तिच्यावर, जशी आम्हा नवऱ्यांची रीत आहे.

त्यात मंगळवार आला आणि ती सकाळपासून चहालासुद्धा शिवेना.

"डॉक्टरनं काय सांगितलंय?" मी म्हणालो.

"डॉक्टरनं सांगितलंय, व्हय. पण जलमभर तुळजापूरच्या आईचा मंगळवार धरलाय म्या. आता माझ्यावर बेतलं तर तिलाच सोडू? मग कुणाच्या भरवशावर जाऊ तिथं?"

मी पुन्हा पेंग्विनवर आलो. म्हणालो, तो पक्षी उपास करतो, पण आधी खातो. खाल्ल्याशिवाय उपास पार पडत नाही. ती थकल्या आवाजात म्हणाली, "त्याला समुद्र हाय. मला आता घास बघितला की मळमळतंय. मी कुठनं आणू समुद्र?" आणि उठून तिनं देव्हाऱ्यावरची परडी काढली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. तुळजापूरच्या आईची परडी म्हणजे वेताची लहान टोपली. ज्या बाईनं ती घेतली तिनं गळ्यात कवड्यांची माळ घालून मंगळवारी पाच घरं जोगवा मागायचा. घरची बाई परडीला हळदीकुंकू लावते, ओंजळभर पीठ घालते. त्या पिठाच्या भाकरीवर उपास सुटतो. घर श्रीमंताचं असो की गरिबाचं, त्या दिवशी मागूनच खायचं. बायको लग्नाआधीपासून हे करत आलेली. त्या दिवशी उन्हात, अशक्त, ती माळ घालून निघाली आणि मी गिरणी बंद करून मागं मागं चाललो. पडली तर धरायला कुणीतरी पाहिजे.

पहिलं घर आक्काचं. आक्का म्हणजे आमच्या शेजारची धनगराची बाई, दारात शेळ्या बांधलेल्या, माझ्या बायकोला धाकटी बहीण मानणारी आणि त्यामुळं मला दाजी म्हणून वाटेल ते बोलणारी. बायकोनं दारात उभं राहून जोगवा मागितला. आक्का बाहेर आली, परडीला हळदीकुंकू लावलं, आणि मग तिच्या पाठीवरून हात फिरवला, मानेपासून कमरेपर्यंत, ती शेळीच्या पाठीवरून फिरवते तसा.

"कणा लागतोय हाताला," ती म्हणाली. "उन्हाळ्याच्या तोंडाला अशी शेळी असली तर मी तिला बाजारात बी न्हाय नेणार, चरायला बी न्हाय सोडणार. दाजी, तुमी काय खाऊ घालताय हिला?"

मी डिंकाच्या लाडवांचं सांगितलं. आक्का माझ्याकडं बघतच राहिली. "बाळंत झालीया का ती?" एवढंच म्हणून ती आत गेली. बाहेर आली ती पिठाची ओंजळ घेऊन नव्हे. शेळीच्या दुधात शिजवलेला मऊ सांजा तिनं वाटीत आणला आणि वाटी परडीत ठेवली.

"आक्का, जोगवा पिठाचा असतोय," बायको म्हणाली.

"कुणी सांगितलं? वाढणारीच्या घरात जे असंल ते जोगवा. आन् परडीत पडलेलं तुझं न्हाय, आईचं हाय. त्याला नको म्हणता येत न्हाय, ठिवता येत न्हाय. बस हितंच. माझ्यासमोर खा."

बायकोनं वाटीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मी जन्मभर तिला जेव म्हणून ओरडलो असेन, पण ज्या ताकदीनं तिला नाही म्हणता येत होतं ती ताकद आक्कानं एका वाक्यात काढून घेतली. ती ओट्यावर बसली. एकेक घास गालाच्या बऱ्या बाजूनं फिरवत तिनं वाटी संपवली. उपास मोडला नाही. जोगव्यावर उपास सुटतो, मोडत नाही. एवढी साधी वाट समोर होती आणि मला ती दिसली नव्हती.

बाकीच्या चार घरी आक्काच पुढं झाली. कोणत्या दारात काय बोलली कुणास ठाऊक, पण दुसऱ्या दिवसापासून वेगळंच काहीतरी सुरू झालं. आक्कानं परडी आमच्या घरातून आणून गिरणीच्या खिडकीत ठेवली. "रोज मागायला जाऊ नगस. दळणाला येणारच हाईत समद्या," ती म्हणाली. बायको कुरकुरली, मागितल्याशिवाय जोगवा पडत नसतो म्हणाली. त्यावर आक्का म्हणाली, "तू गप. परडीच मागतीया."

त्या पाच घरच्या बाया मग दळणाचा डबा घेऊन आल्या की दुसऱ्या हातात झाकलेली वाटी असायची. आक्काकडचं दूध. ज्यांच्या घरी म्हशी आहेत त्यांच्याकडून खवा, दुधात सैल केलेला. एका घरची हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर. आमचा मुलूख कर्नाटकाला लागून, म्हणून आमच्याकडं खीर म्हणत नाहीत. एका घरून दाण्याच्या कुटाची पातळ आमटी, तिखट न घातलेली, त्यात मऊ भात कालवून. तहसील कचेरीतल्या कारकुनाची बायको शिकरण आणायची आणि रोज न चुकता म्हणायची, "केळी जास्त पिकली होती, म्हणून." रोज केळी जास्त पिकणारं ते गावातलं एकच घर असेल. आणि बायको खाऊ लागली, कारण परडीतलं ठेवता येत नाही. मला ती फसवत आली होती, देवीला फसवणं तिच्याच्यानं होणार नव्हतं.

काट्यावरचं वजन रेघेशी आलं, रेघ ओलांडली, पुढं सरकत गेलं. गाल भरले. बांगड्या मनगटाशी थांबल्या. पोलक्याची शिवण उसवून सैल करावी लागली तेव्हा ती लाजून म्हणाली, "लोक काय म्हणतील, आजारी हाय का माजलीया?" शेवटच्या दिवसांत ती गिरणीच्या पायऱ्या उतरताना जरा डुलायलाही लागली होती. मी म्हणालो, "आमचं पेंग्विन निघालं बर्फावर." तिनं मला पिठाची मूठ फेकून मारली. इतका आनंद मला माझ्या लग्नात झाला नव्हता.

मग सोलापूर. लेकीच्या घरी आमचा मुक्काम पडला आणि रोज किरणं सुरू झाली. पहिले काही दिवस काहीच वाटलं नाही. मग डॉक्टर म्हणाले होते तसंच झालं. तोंड सोललं, आवाज गेला, चमचाभर पाणी गिळायला ती डोळे मिटून तयारी करायची. पातळ करून जे देऊ त्यातलं निम्मं बाहेर यायचं. ती खुणेनं नको म्हणायची, आणि या वेळी त्या नकोला परडीचाही इलाज नव्हता.

दवाखान्याच्या बाकावर बसून मी तिला पेंग्विनचं उरलेलं सांगायचो. म्हणायचो, दरसाल त्याची सगळी पिसं बदलतात, बाईची आणि गड्याचीही. नवी येईपर्यंत पाण्यात जाता येत नाही, गेला तर गारठून मरेल. म्हणून किनाऱ्यावर नुसता उभा राहतो, पिसं झडलेली, दिसायला अगदी भिकारी, आणि अंगावर साठवलेलं जाळत राहतो. नवी पिसं आली की पाण्यात. ती डोळ्यांनी ऐकायची. तिच्या गळ्यावरची कातडी तेव्हा काळी पडून सुटत होती.

पण एक गोष्ट मी तिला सांगितली नाही. उपासात तो पक्षी मुख्य करून चरबीवर जगतो, मांस जपून ठेवतो. चरबी सरत आली की मग मांस जायला लागतं, आणि तेव्हा त्याच्या आत काहीतरी खडबडून जागं होतं. तो अंडंसुद्धा तिथंच टाकतो आणि समुद्राकडं चालू लागतो. ही गोष्ट माझ्या मनातून हलत नव्हती. रोज तिला बघून मी हिशोब लावायचो. आज आक्काचं दूध गेलं. आज खवा गेला. आज हुग्गी गेली. अजून शिकरण शिल्लक असेल, कारण केळी फार पिकली होती. असलं काहीतरी मनाशी बोलत मी बाकावर बसायचो आणि ती आत जायची. तिच्या हाडामांसाला हात लागायच्या आत हे संपू दे, एवढंच मागणं होतं.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टर नाकातून नळी घालायचं बोलले. तिनं हातानं दोन दिवस मागून घेतले. लेकीनं ताक गाळून, चमच्याचमच्यानं, तासन् तास बसून पाजलं. नळी लागली नाही. आणि किरणं एक दिवसही चुकली नाहीत. तिनं चुकवलीच नाहीत. शेवटच्या दिवशी ती स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आली. पुढं काही महिन्यांनी तपासणीत डॉक्टर म्हणाले, जागा स्वच्छ आहे. हे आधीच सांगून टाकतो, वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको.

पण मला सांगायचा आहे तो आम्ही गावी परतलो तो दिवस. तोंड भरून येत होतं, पातळ पेज जात होती. गिरणीचं कुलूप काढलं, सगळीकडं पिठाची धूळ बसलेली. खिडकीत परडी तशीच होती, बाहेरून गजांतून हात घालून कुणीतरी रोज पुसलेली दिसत होती. एसटीतून उतरताना कुणी बघितलं असेल, तासाभरात पाची घरच्या बाया गिरणीत जमल्या. बायकोचे गाल बसलेले, बांगड्या पुन्हा कोपराशी. कारकुनाच्या बायकोनं डोळ्याला पदर लावला. "समदं गेलं की गं," हुग्गीवाली म्हणाली.

बायकोनं माझ्याकडं बघून काट्याकडं बोट केलं.

माझी छाती होईना. मी म्हणालो, राहू दे, नंतर बघू. ती ऐकायला कधी तयार असते? स्वतःच पाटावर चढली आणि दांडी धरून उभी राहिली. मी वजन सरकवत आणलं, मागं, आणखी मागं. दांडी सरळ झाली. मी वाकून बघितलं आणि मला वाचताच येईना, डोळ्यांत पाणी आलेलं. आक्कानं मला बाजूला सारलं आणि वजनाशी बोट नेलं. वजन खिळ्याच्या रेघेवर थांबलं होतं. बरोब्बर रेघेवर.

बायकोनं पाटावरूनच मान वाकवून बघितलं. मग बायांकडं वळली. इतक्या दिवसांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तो घोगरा, चिरका आला.

"माझं काय बी गेलं न्हाय," ती म्हणाली. "मी हुती तेवढी हाय. गेलं ते समदं तुमचं हुतं."

मी पोत्यावर बसलो आणि बायांसमोर ढसाढसा रडलो. आक्कानं तिला हाताला धरून पाटावरून उतरवलं, पाठीवरून एकदा हात फिरवला, मानेपासून कमरेपर्यंत.

"दाजी, रडून झालं की पट्टा चालू करा, दळणं तटल्यात," ती म्हणाली. मग खिडकीतली परडी उचलून तिनं काखेत धरली आणि दूध आणायला घरी गेली.